गावात मुलकी, फडात गैरमुलकी

परप्रांतीयांनी आमच्या पोरांची भाकर पळविली, अशी आरोळी दर निवडणुकीला कानी येते. आरोळी ठोकणारे गृहस्थ बहुधा मुंबई-पुण्याकडचे. त्यांच्या बंगल्याची भिंत परप्रांतीयाने बांधलेली असते, त्यांचे दार परप्रांतीय राखतो, आणि त्यांच्या चहात जी साखर पडते तिचा ऊस आमच्या औंढा, सेनगाव, कळमनुरीकडच्या तांड्या-वाड्यांवरच्या नवरा-बायकोने, दीडशे कोस दूर जाऊन, थंडीत कुडकुडत तोडलेला असतो. भिंतीचा हिशेब हे गृहस्थ मागतात, दाराचाही मागतात. साखरेचा हिशेब मात्र कधी निघत नाही. तो आज आम्ही काढणार आहोत.

बाहेरचा कोण, हे ठरविण्याचा वाद मराठवाड्याला नवा नाही. आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. सर सालारजंगाच्या काळापासून उत्तर हिंदुस्थानातले शिकलेले लोक हैदराबादच्या कचेऱ्यांत मोठमोठ्या जागांवर येऊन बसू लागले. तेथल्या जुन्या मंडळींनी ओरड केली, आणि मुलकी व गैरमुलकी असा भेद दरबारात रूढ झाला. १९१९ च्या फर्मानाने सरकारी नोकरीस मुलकी असणे आवश्यक ठरले. पंधरा वर्षांचा रहिवास ही त्यातली मुख्य कसोटी. पुढे पोलीस कारवाईनंतर बाहेरून अंमलदार आले, तेव्हा १९५२ साली हैदराबाद शहरात मुलकीचा वणवा पुन्हा पेटला, गोळीबार झाला, माणसे मेली.

आता वाचकहो, विचार करा. एवढ्या धामधुमीत भांडण होते कशाचे? खुर्चीचे. आमचे आजे-पणजे मोट हाकत होते, सारा भरत होते, देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यावर वेठीला जात होते. त्यांना मुलकीचा दाखला कोणी विचारला नाही, कारण त्यांना खुर्ची देण्याचे कोणाच्या मनातच नव्हते. नांगर धरायला दाखला लागत नाही. मोळी उचलायलाही लागत नाही.

निजाम गेला, फर्मान गेले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला; पंधरा वर्षांची मोजपट्टी मात्र गेली नाही. आजही अधिवासाच्या दाखल्याला पंधरा वर्षांचाच रहिवास दाखवावा लागतो. १९६६ पासून मुंबईत भूमिपुत्राची हाक उठली. ती प्रथम दाक्षिणात्य कारकुनांवर होती. २००८ साली उत्तरेकडच्या टॅक्सीवाल्यांवर आणि नोकरीच्या परीक्षेला आलेल्या पोरांवर लाठ्या चालल्या. मराठी पोराला मुंबईत नोकरी मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. जरूर मिळावी. परंतु ती गिरण्यांची मुंबई उभी कोणी केली? कोकणातून, घाटावरून पोटासाठी गेलेल्या कुणब्यांनी, मराठ्यांनी, महारांनी, माळ्यांनी. तेही त्या शहरात उपरेच होते. त्यांची दाद घेणारे पहिले गृहस्थ नारायण मेघाजी लोखंडे, ‘दीनबंधु’ चालविणारे सत्यशोधक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांची सभा भरविली, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला, आणि १० जून १८९० रोजी गिरणीवाल्यांना रविवारची सुटी मान्य करावी लागली. मजूर कोणत्या गावचा, हे लोखंड्यांच्या अर्जाचे कलम नव्हते. तो किती तास राबतो, हे होते.

असो. आता कोयत्याकडे येऊ.

आमच्या भागात कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. एकटा असेल तर अर्धा कोयता. पावसाळा सरत आला की मुकादम दारी येतो. घरात लग्नाची पोर आहे का, दवाखान्याचे देणे आहे का, सावकाराने तगादा लावला आहे का, हे त्याला आपल्याआधी ठाऊक असते. तो उचल देतो. पन्नास हजारांपासून लाखापर्यंत, कधी वरही. दसरा-दिवाळी झाली की टोळी ट्रकात चढते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, बेळगाव. फडाशेजारी कोपी पडते. पहाटे अंधारात तोड सुरू करायची, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. दुखणे आले, बाळंतपण आले, तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढतात.

जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले असे धरा. दोघांचे मिळून ७३२, म्हणजे माणशी ३६६. चौथीच्या पोराला घालावे असे गणित आहे. त्यातून फड न मिळालेले दिवस, गाडीची वाट पाहण्यात गेलेले दिवस, खाडे आणि उचल वजा करा. हंगाम संपवून घरी येताना पदरात काय उरते, हे वाचकांपैकी पुष्कळांना आमच्याहून चांगले माहीत आहे. उचल फिटली नाही तर पुढल्या साली त्याच मुकादमाच्या ट्रकात. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा या देशात १९७६ साली झाला, आणि आगाऊ घेतलेल्या पैशापोटी माणसाने बांधून राबावे यालाच त्या कायद्याने वेठबिगारी म्हटले आहे. मग हे काय आहे, ते एखाद्या विद्वान वकिलाने आम्हांस समजावून द्यावे.

गोऱ्यांच्या राज्यात कोकणातली मराठी माणसे गिरमिट लिहून देऊन मॉरिशस बेटावर गेली. तीही उसाच्या मळ्यांतच राबायला. १८३४ पासून हिंदुस्थानातून हे मजूर जाऊ लागले. जाच असा होता की शेवटी १९१७ साली गिरमिटाची पद्धतच सरकारला थांबवावी लागली. परंतु त्या जाचातही प्रत्येक मजुराचे नाव, बापाचे नाव, गाव, जात, उंची सरकारी बुकात उतरत असे. ती बुके मॉरिशसमध्ये अजून जपून ठेवली आहेत, आणि तिथला माणूस आज त्यांत आपल्या पणज्याचे गाव शोधतो. गोऱ्याने हे दयेपोटी केले नाही. पळालेला मजूर धरता यावा म्हणून केले. तरी नाव होते. आमच्या तांड्यावरून ट्रक सुटतो तेव्हा त्यात किती माणसे चढली, किती लेकरे चढली, ती कोणत्या कारखान्याच्या जबाबदारीवर गेली, हे ग्रामपंचायतीच्या कोणत्या बुकात सापडते? ग्रामसेवकाने ऊसतोड कामगाराला ओळखपत्र द्यावे असा हुकूम निघाला खरा. ओळखपत्राने माणूस ऊस तोडतो एवढे कळते. या खेपेस त्याचा धनी कोण, हे ट्रक सुटताना कोण लिहून घेतो?

धोरण मुळीच नाही असेही नाही. समुद्रापलीकडे जाणाऱ्यांसाठी १९८३ चा कायदा आहे. दहावी न झालेला मजूर आखाती देशांत निघाला तर सरकारी अधिकाऱ्याने नोकरीचा कागद पाहून मंजुरी दिल्याशिवाय त्याला जाता येत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यासाठी १९७९ साली कायदा झाला. त्यात ठेकेदाराला परवाना, मजुराला फोटो लावलेले पासबुक, जाण्यायेण्याचे भाडे, आणि घर सोडल्याबद्दल महिन्याच्या निम्म्या मजुरीइतका भत्ता, अशी सुरेख कलमे होती. बेळगावला जाणाऱ्या किती टोळ्यांनी ते पासबुक डोळ्यांनी पाहिले, हे ज्याचे त्याने आठवावे. आणि कोल्हापूर-सांगलीला जाणाऱ्यांनी तर राज्याची शीवच ओलांडली नाही. कायद्याच्या लेखी ते कोठे गेलेच नाहीत! २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७९ चा कायदा त्यांत विरून गेला. भाड्याची तरतूद राहिली, घर सोडल्याचा भत्ता गळाला, पाच मजुरांना लागू होणारी कलमे आता दहांना लागू होतात, आणि राज्याच्या हद्दीची अट होती तशीच आहे. एका गावचे दोन भाऊ एका ट्रकात बसले. बेळगावला उतरला तो स्थलांतरित, शिरोळला उतरला तो कोणीच नव्हे. हे शहाणपण कोणत्या पाठशाळेत शिकवितात?

माणूस घर सोडतो तेही काही हौसेने नव्हे. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली. सिद्धेश्वर तर आमच्याच औंढा तालुक्यात. कालव्याखालची जमीन ऊस पिकविते, हळद पिकविते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि ती आनंदाचीच गोष्ट आहे. कालव्याच्या वरचा माळ मात्र कोयते पिकवितो. पाणी कोणत्या शिवारात जावे हे ज्यांनी आखले, त्यांनीच कोणत्या घराला कुलूप लागावे हेही आखले. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, २००५ साली साऱ्या देशाने त्याचा कित्ता गिरविला, आणि तरी दिवाळीनंतर ट्रक भरतच राहिले. कारण हमीची मजुरी काम झाल्यावर केव्हा तरी मिळते, आणि मुकादमाची उचल आधी मिळते.

आता कारखान्यांचे म्हणणे ऐका. मजूर आमचा नोकर नव्हे, तो मुकादमाचा माणूस. मुकादम म्हणतो, मी तर मधला. ऊस कोणत्या दिवशी तोडायचा ते कारखाना सांगतो, चिठ्ठी कारखान्याची, काटा कारखान्याचा, मुकादमाचे वीस टक्के कमिशनही कारखानाच देतो. फक्त मजूर तेवढा कारखान्याचा नाही.

येथे आपल्याच मंडळींना थोडे कडू बोलणे प्राप्त आहे. शेटजी-भटजींच्या जुलमाविरुद्ध ज्या चळवळीने बहुजनांना जागे केले, तिच्याच मुशीतून पश्चिम महाराष्ट्रातील सहकाराचे पुष्कळ पुढारी निघाले. १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतकरी साखरेचा मालक झाला याचा आनंद साऱ्या महाराष्ट्रास झाला, व तो रास्त होता. आज कितीक कारखान्यांच्या सभागृहांत महात्मा फुल्यांची तसबीर आहे, जयंतीला हार आहे, भाषण आहे. तसबिरीखाली बसणारा चेअरमन आमचाच, आणि फडातली बाईही आमचीच. जुलूम करणाऱ्याच्या गळ्यातले जानवे गेले म्हणजे जुलूम गेला, असे ज्यांना वाटते त्यांनी पौषातली एक रात्र कोपीत काढावी.

२०२३ साली सरकारने ९०० तोडणी यंत्रांसाठी अनुदान मंजूर केले; एका यंत्रामागे किमतीच्या ४० टक्के, वा जास्तीत जास्त ३५ लाख रुपये. यंत्र आले तर येऊ द्या, बायकांच्या माना वाचतील. परंतु यंत्राने ज्यांचे काम जाईल त्यांच्या नावाने सरकारी तिजोरीत काय बांधून ठेवले आहे? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावे आणि तितकेच सरकारने घालावे, असे ठरले. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात १३ कोटी टनांवर ऊस गाळला गेला. तेवढ्या उसावर दहा रुपयांनी १३० कोटी होतात, सरकारचे धरून २६० कोटी. या पैशातून आपल्या तांड्यापर्यंत काय पोचले, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक कोयत्याला आहे.

आम्ही शाळामास्तर, सबब शाळेचेही बोलू. दिवाळीच्या सुटीनंतर पटावर नावे असतात आणि बाकावर पोरे नसतात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईबाप गेले तरी मूल गावात राहावे, दोन वेळा जेवावे, शाळेत यावे. योजना चांगली आहे, आणि जेथे ती वेळेवर सुरू होते तेथे पोरे टिकतात हे आम्ही पाहिले आहे. परंतु ट्रक ऑक्टोबरात सुटतो, आणि सरकारी कागद आपल्या चालीने येतो. शिवाय वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईची धास्ती कोणत्याही परिपत्रकाने जात नाही. ती मुलगी मग फडात जाते, पाचटावर धाकट्याला सांभाळते, पाणी वाहते, आणि साल-दोन सालांत तिचे लग्न उरकतात. लग्न झाले की नवा कोयता होतो. नव्या कोयत्याला नवी उचल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात शेकडा २२ च्या सुमारास निघाल्या, बीडात शेकडा ४३ वर, आणि १ मे १९९९ पर्यंत आपण ज्या परभणी जिल्ह्यात होतो त्या परभणीत शेकडा ४८. पोरीच्या बापाला अडाणी म्हणणारे शहाणे गल्लोगल्ली भेटतात. त्या लग्नामागची उचल त्यांना दिसत नाही.

आणखी एक गोष्ट लिहिताना हात जड होतो. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी चौकशी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहा जणींत एक. पाळीत विसावा नाही, अंघोळीला आडोसा नाही, खाड्याची धास्ती, आणि दवाखान्यात पिशवीच काढून टाका म्हणून सांगणारा डॉक्टर. ही बाई परमुलखात गेली नव्हती. ती महाराष्ट्रातून महाराष्ट्रातच गेली होती.

बलुतेदारांनी हे कुणब्या-वंजाऱ्यांचे, लमाणांचे दुखणे म्हणून सोडू नये. ज्या लोहाराच्या भात्यावर कोयत्याला पाणी चढत असे, त्याचाच मुलगा आज पुण्यात दारावर उभा राहतो. सुताराचा मुलगा हैदराबादेत इमारतीच्या कामावर जातो. तांडा उठला की कुंभाराच्या माठाला आणि चांभाराच्या वहाणेला गिऱ्हाईक उरत नाही. मताचेही तेच. २०२४ साली गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करण्याचे ठरले, आणि विधानसभेचे मतदान होते २० नोव्हेंबरला. ज्याचे मत गावात आणि देह फडात, त्याची पुढाऱ्याला भीती कशाची?

इकडून आमची माणसे जातात, आणि इकडेच दुसरी येतात. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत मध्यप्रदेशाकडचे मजूर भट्टीपुढे उभे राहतात. टाळेबंदीत काम बंद पडले, गाडी नव्हती, म्हणून त्यांतले काही जण रुळाने भुसावळची वाट चालू लागले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ थकून रुळांवरच झोपलेल्या त्या माणसांवरून मालगाडी गेली. सोळा जण मेले. त्यांच्या भाकरी रुळांवर पसरलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. त्याच वसंतात आमचे लाखावर ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांवर अडकून पडले होते, आणि त्यांना घरी जाऊ देण्याचा हुकूम १७ एप्रिलपर्यंत निघाला नव्हता. शहडोल-उमरियाच्या त्या सोळा जणांत आणि आमच्या तांड्यावरच्या माणसांत भेद शोधायचा तर भाषेचा सापडेल, दुसरा सापडणे कठीण.

कोणी म्हणेल, मास्तर, परका मजूर स्वस्तात राबतो आणि आपला दर पाडतो त्याचे काय? तक्रार खरी आहे. दर पडतो. परंतु तो स्वस्त का, हे पाहा. त्याच्याही गळ्यात कोणाची तरी उचल आहे, त्याचे येथे रेशन नाही, मत नाही, कोणी सोयरा नाही. म्हणून मालकाला तो गोड लागतो. त्याला हाकलून दिले तर ठेकेदार आणखी लांबून आणखी गरजू माणूस आणील. त्यालाही आपल्याइतकाच दर कायद्याने मोजावा लागला, तर लांबून माणसे आणण्यातली मालकाची गोडी आपोआप कमी होईल. आणि भूमिपुत्राची लाठी दुधारी असते. कर्नाटक सरकारने जुलै २०२४ मध्ये खाजगी नोकऱ्या कानडी लोकांसाठी राखण्याचे विधेयक मंजूर केले आणि गवगवा होताच बाजूला ठेवले. उद्या बेळगावच्या फडावर कोणी तोच न्याय लावला, तर मुंबईचे आरोळीवाले आमच्या टोळ्यांना काय खाऊ घालणार आहेत?

सरकारकडे आमचे मागणे लांबलचक नाही. जो कारखाना ऊस गाळतो तोच मजुराचा धनी, असे कायद्यात लिहा. मग मजूर बेळगावात उतरो की शिरोळात. उचलीचा कागद दोन प्रतींत व्हावा, एक मजुराच्या हाती राहावी. कोयता ही मोजणी बंद करून बाईच्या नावाने बाईचे पैसे तिच्या खात्यात घाला. नाहीतर नवऱ्याच्या उचलीत तिची हाडे मोडतात आणि हिशेबात तिचे नावही नसते. फडावर पाणी, आडोसा आणि दवाखान्याची गाडी नसेल त्या कारखान्याला पुढल्या हंगामाचा गाळप परवाना देऊ नका. परवाना अडला की चेअरमन कसे धावतात, ते आम्ही एफआरपीच्या थकबाकीत पाहिले आहे.

सरकार करील तेव्हा करील. दसऱ्याच्या आत प्रत्येक गावच्या ग्रामसभेत एक ठराव आपल्या हाती आहे: गावातून सुटणाऱ्या प्रत्येक ट्रकातील माणसे, लेकरे, मुकादमाचे नाव, उचलीचा आकडा आणि कारखाना ग्रामपंचायतीच्या बुकात लिहिल्याशिवाय ट्रक सुटणार नाही. वसतिगृहासाठी मुलांची यादीही त्याच दिवशी मुख्याध्यापकाच्या हाती द्यावी, म्हणजे कागद उशिरा आला या सबबीला जागा उरणार नाही. ठरावाचा मसुदा करण्यास ज्यांना अडचण असेल त्यांनी शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावे. कागद आमचा, शाई आमची. अंगठा मात्र घेणार नाही. सही शिकवू, मग घेऊ.

जवळा बाजार येथील एक शाळामास्तर